जॉर्ज लव्हलेस : एका शेतमजुराचे काळे पाणी



‘काळे पाणी’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते. ते साहजिकच आहे. परंतु इंग्रज राज्यकर्त्यांनी ही शिक्षा काही खास आपल्यासाठी शोधून काढली नव्हती. आपली माणसे समुद्रापार धाडण्याच्या कितीतरी आधीपासून ते स्वतःच्या देशातील गरिबांना समुद्रापार धाडीत होते. प्रथम ते अमेरिकेतील वसाहतींत धाडीत. १७७६ साली अमेरिका स्वतंत्र झाली, तो दरवाजा बंद झाला आणि १७८८ मध्ये कैद्यांची पहिली जहाजे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागली. तेव्हापासून १८६८ पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षांत, सुमारे १,६२,००० स्त्री-पुरुष कैदी त्या भूमीवर उतरविण्यात आले. त्यांत दरोडेखोर होते, चोर होते, आणि पोटासाठी एखादी मेंढी किंवा कापडाचा तुकडा उचललेलेही पुष्कळ होते.

आज मी सांगणार आहे ती हकीकत त्यांतल्याच एकाची. त्याने काही चोरले नव्हते. कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता. गवताची गंजी पेटविली नव्हती. त्याने आपल्या गावातील मजुरांना एकत्र आणले, एवढेच. त्याचे नाव जॉर्ज लव्हलेस.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. माझी शाळा लवकर सुटली, आणि नीट वाचायला शिकलो तो संघटनेच्या कचेरीत, कामगार कायद्याची पाने उलटता उलटता. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. पण माझे निम्मे आयुष्य मागणीपत्रे लिहिण्यात गेले आहे. त्यामुळे नऊ शिलिंगांचे सात शिलिंग कसे होतात, हे मला पुस्तकाविनाही समजते.

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट नावाचा परगणा आहे. त्यात टॉलपडल हे एक लहानसे खेडे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शेतमजुरांची स्थिती फार हलाखीची होती. गावाच्या सामाईक जमिनी, जेथे गरिबाची गाय चरत असे, जळण मिळत असे, त्या कुंपणे घालून जमीनदारांच्या ताब्यात गेल्या होत्या. मळणीची यंत्रे आल्यामुळे हिवाळ्यातले कामही हातचे गेले. १८३० साली दक्षिण इंग्लंडमधील मजुरांचा संयम सुटला. त्यांनी यंत्रे फोडली, गंज्या जाळल्या. सरकारने १९ जणांना फाशी दिली आणि पावणेपाचशेहून अधिक माणसांना ऑस्ट्रेलियाकडे हाकलले. टॉलपडलच्या मजुरांनी हे सारे पाहिले होते. म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली, शांतपणे बोलण्याची.

हे बोलणे कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. शेजारच्या भागात आठवड्याला दहा शिलिंग मजुरी मिळत होती. टॉलपडलचे मालक कमी देत. मजूर मालकांना भेटले. गावच्या पाद्रीसाहेबांसमक्ष ठरले की, मजुरांनी गुपचूप कामावर जावे, इतरत्र जो दर मिळतो तोच येथे मिळेल. पाद्रीसाहेब म्हणाले, मी साक्षी आहे. मजूर कामावर गेले. मजुरी नऊ शिलिंग झाली, मग आठ, मग सात, आणि पुढे सहा होणार असे कानावर आले. मजूर पाद्रीसाहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, मी असे काही बोललोच नाही! मजूर मॅजिस्ट्रेटकडे गेले. तेथे उत्तर मिळाले की, अमुक मजुरी द्यावी असा कायदा नाही. मालक देईल त्यात काम केले पाहिजे.

श्रोतेहो, सात शिलिंगांत बायकामुलांचे पोट प्रामाणिकपणे भरणे शक्य नव्हते. प्रामाणिकपणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. लव्हलेसपुढे प्रश्न होता तो हाच, की आता चोरी करावी, उपाशी मरावे, की आणखी काही करावे?

हा लव्हलेस कोण? जन्म १७९७ चा. धंद्याने नांगऱ्या. मेथॉडिस्ट पंथाचा, आणि त्या पंथाचा गावोगाव फिरून प्रवचने करणारा उपदेशक. नांगर धरून धरून घट्टे पडलेल्या हातांनी त्याने पैसा पैसा साठवून धर्मग्रंथांचा लहानसा संग्रह केला होता. लिहिणे-वाचणे त्याचे त्यानेच वाढविले. पत्नी एलिझाबेथ आणि तीन मुले, असा संसार.

मजुरांच्या संघटनेवरील बंदी १८२४ साली उठली होती, हे त्याला ठाऊक होते. १८३३ च्या ऑक्टोबरात त्याने व त्याच्या सोबत्यांनी शेतमजुरांचे एक मित्रमंडळ स्थापन केले. प्रवेश फी एक शिलिंग, वर्गणी आठवड्याला एक पेनी. नियम लिहून काढले. त्या नियमांत असे होते की सभेत अश्लील गाणी म्हणावयाची नाहीत, धर्माचा किंवा राजकारणाचा वाद काढावयाचा नाही, आणि हिंसेच्या कृत्याने आपला हेतू कधी सफळ होणार नाही. असल्या नियमांची संघटना आज कोणी काढली तर तिला फार मवाळ म्हणून हसतील.

पण नवा सभासद घेण्याचा एक विधी होता. त्या काळी बहुतेक कारागिरांच्या मंडळांत तो चालत असे. थॉमस स्टँडफील्ड याच्या घराच्या माडीवर नवख्याला डोळे बांधून आणीत. काही वचने वाचून दाखवीत. डोळे सोडले की समोर माणसाच्या सांगाड्याचे चित्र. मग बायबलावर हात ठेवून, मंडळाची गोष्ट बाहेर सांगणार नाही, अशी शपथ. १८३३ च्या ९ डिसेंबरला अशी शपथ घेणाऱ्यांत एडवर्ड लेग नावाचा एक मजूर होता. पुढे त्यानेच कोर्टात साक्ष दिली.

ही शपथ कशासाठी, असे कोणी विचारील. मला त्यात नवल वाटत नाही. आजही वर्गणीची पावती फाडताना नवा माणूस प्रथम दाराकडे पाहतो, मग खिशात हात घालतो. नाव मालकाच्या कानावर गेले की उद्याचे काम गेले. जेथे उघडपणे एकत्र येण्याची किंमत भाकरीने मोजावी लागते, तेथे माणसे अंधारात एकत्र येतात. आणि मग त्या अंधाराचाच त्यांच्यावर गुन्हा लादला जातो. टॉलपडलला नेमके हेच घडले.

तेथील मोठे जमीनदार आणि मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रॅम्प्टन यांनी गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. अडचण अशी की संघटना कायदेशीर होती. तेव्हा एक जुना कायदा हुडकून काढण्यात आला. १७९७ साली इंग्लंडच्या आरमारात खलाशांनी बंड केले होते. त्या वेळी बेकायदेशीर शपथा देण्याविरुद्ध तो केलेला होता. बंडखोर खलाशांसाठी ओतलेली बेडी सदतीस वर्षांनी नांगऱ्यांच्या पायांत घालण्यात आली! १८३४ च्या २२ फेब्रुवारीला गावात इशाऱ्याचे कागद चिकटले, आणि २४ फेब्रुवारीला पहाटे कामावर निघालेल्या लव्हलेसला दारातच शिपायाने गाठले. लव्हलेससह सहा जण होते : त्याचा भाऊ जेम्स, मेव्हणा थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. सारे जण शिपायाबरोबर डॉर्चेस्टरपर्यंत सात मैल पायी चालत गेले. पळण्याचे त्यांच्या मनातही आले नाही, कारण आपण गुन्हा केला असे त्यांना वाटतच नव्हते. हॅमेट तर त्या ९ डिसेंबरच्या सभेला हजरही नव्हता. आपल्या भावाच्या जागी तो गेला, असे पुढे सांगितले जाऊ लागले. पण त्याने स्वतः कोर्टात तोंड उघडले नाही.

तुरुंगात एक वकील लव्हलेसला भेटला. मंडळ सोडतो असे कबूल कर, जे माहीत आहे ते सांग, म्हणजे घरी जाशील. लव्हलेसने नकार दिला. सोबत्यांना विकून मिळणारे घर त्याला नको होते.

मार्च महिन्यात डॉर्चेस्टरला खटला झाला. खटला चालवावा की नाही हे ठरविणाऱ्या पंचांचे प्रमुख होते विल्यम पॉन्सनबी, म्हणजे गृहमंत्र्यांचे मेव्हणे; आणि त्या पंचांत खुद्द फ्रॅम्प्टनही बसले होते! लव्हलेसने आपले म्हणणे लेखी दिले. त्याचा आशय असा की, आम्ही कोणाच्या अब्रूला, देहाला वा मालमत्तेला धक्का लावलेला नाही. आम्ही, आमच्या बायका आणि आमची मुले उपासमारीने मातीत जाऊ नयेत म्हणून एकत्र आलो. न्यायाधीश विल्यम्स यांनी सात वर्षांची हद्दपारी फर्माविली, आणि स्पष्टच सांगितले की ही शिक्षा इतरांना धडा मिळावा म्हणून आहे.

येथे थोडे थांबू. गुन्हा कोणता, तर शपथ. पण शपथ तर मोठमोठ्या सरदारांच्या मंडळांतही चालत होती. ऑरेंज लॉज या संस्थेत शपथा घेतल्या जात आणि तिचे प्रमुख होते कंबरलंडचे ड्यूक, म्हणजे राजाचे सख्खे भाऊ. पुढे लॉर्ड जॉन रसेल गृहमंत्री झाले तेव्हा त्यांनी स्वतःच मेलबर्न यांना लिहिले की, हे मजूर गुन्हेगार असतील तर ड्यूकही तितकेच गुन्हेगार ठरतात. तेव्हा शिक्षा शपथेला नव्हती. एकेकटा मजूर मालकापुढे टोपी काढून उभा राहिला तर कायद्याला काही अडचण नव्हती. तेच सहा जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले की कायद्याला कट दिसू लागला.

पाच जण ११ एप्रिलला ‘सरे’ जहाजाने न्यू साउथ वेल्सकडे निघाले. लव्हलेस आजारी होता म्हणून मागे राहिला. त्याला बेड्या घालून घोडागाडीने पोर्ट्स्मथला नेत असता वाटेत सॉल्झबरी शहर लागले. बरोबरचा अधिकारी म्हणाला, गावातून जाताना साखळ्यांचा आवाज होईल, लोक पाहतील, तेवढ्यापुरत्या काढून देतो. लव्हलेस म्हणाला, नको. मला लाज वाटावी असे मी काही केलेले नाही.

पोर्ट्स्मथला मोडीत निघालेली जुनी जहाजे तुरुंग म्हणून नांगरलेली असत. तेथे काही आठवडे काढून २५ मे रोजी ‘विल्यम मेटकाफ’ जहाजाने तो व्हॅन डीमेन्स लँड या बेटाकडे निघाला. आज त्या बेटाला टास्मानिया म्हणतात. जहाजात सहा माणसांना मिळून साडेपाच फूट लांब-रुंद जागा. सगळ्यांना एका वेळी आडवे होणे अशक्य. काही निजत तेव्हा बाकीचे बसून राहत. अशा स्थितीत तीन महिन्यांहून अधिक काळ काढून ४ सप्टेंबरला तो होबार्ट बंदरात पोहोचला.

आता या शिक्षेची रचना समजून घेतली पाहिजे. हद्दपारी म्हणजे चार भिंतींची कोठडी नव्हे. कैदी उतरला की सरकार त्याला रस्त्याच्या किंवा शेतीच्या कामाला लावी, किंवा एखाद्या जमीनदाराला देऊन टाकी. जमीनदाराने अन्न-वस्त्र द्यावयाचे, मजुरी द्यावयाची नाही. मालकाला स्वतः फटके मारण्याचा अधिकार नव्हता. त्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे लागे. पण मॅजिस्ट्रेट कोण? बहुधा शेजारचाच जमीनदार! त्याच्याकडेही असेच कैदी कामाला. चांगले वागल्यास काही वर्षांनी सुटीचा परवाना मिळे. तो असला म्हणजे माणूस वसाहतीत स्वतःसाठी काम शोधू शके. म्हणजे पाहा, ज्याने इंग्लंडमध्ये सातऐवजी दहा शिलिंग मागितले, त्याला जगाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन शून्य शिलिंगावर कामाला लावले. लोकरीचा धंदा तेथे वाढत होता, त्याला हात हवे होते. ते अशा रीतीने पुरविले जात होते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या कुरणांवर हे कैदी मेंढ्या राखीत होते, ती कुरणे तेथील मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती. लव्हलेस बेटावर उतरला त्याच सुमारास, संहारातून उरलेल्या मूळ रहिवाशांना गोळा करून फ्लिंडर्स नावाच्या एकाकी बेटावर नेण्याचे काम चालू होते. घरी अन्याय सोसलेला मजूर परक्या भूमीत, इच्छा नसताना, दुसऱ्या अन्यायाचे हत्यार होतो. साम्राज्याचा गाडा असाच चालतो.

लव्हलेसला प्रथम साखळदंडाच्या टोळीत रस्त्याच्या कामावर घातले, मग सरकारी शेतावर गुराखी-मेंढपाळ केले. झोपडीत माणसांपेक्षा खाटा कमी. नवा आला तो जमिनीवर. पुढे त्याला एका मेजरच्या मळ्यावर पाठविण्यात आले. त्याचे तसे बरेच म्हणावयाचे, कारण न्यू साउथ वेल्समध्ये गेलेल्या पाच जणांचे हाल त्याहून वाईट झाले. जेम्स ब्राइनला मालकाकडे चालत जाताना वाटेत लुटारूंनी लुटले. तो अनवाणी पोहोचला. त्याला सांगण्यात आले की, सरकारी नियमाप्रमाणे मिळायचे ते मिळेल तेव्हाच जोडे मिळतील. अनवाणी पायाने खड्डे खणून पाय फाटले, तेव्हा लोखंडी पट्टीचा तुकडा तळव्याला बांधून तो फावड्यावर पाय देऊ लागला. पुढे मेंढ्या धुण्यासाठी त्याला सतरा दिवस छातीभर पाण्यात उभे केले. तापाने फणफणला, पांघरूण मागितले, मिळाले नाही. म्हातारा स्टँडफील्ड रानात मेंढ्यांमागे एकटा होता. मुलगा काही मैलांवर दुसऱ्या मळ्यावर. तो परवानगी काढून बापाला भेटायला गेला, तेव्हा बापाचे सर्वांग फोडांनी भरलेले होते. हॅमेट शेकडो मैल पायी चालून आपल्या मालकाकडे गेला. आपल्याला एका पौंडाला विकले, असे तो म्हणत असे.

गावी त्यांच्या बायकांनी सरकारी गरीब-मदत मागितली तर ती नाकारण्यात आली. नवऱ्यांना संघटना करू दिली, त्याचे फळ भोगा, असा त्यातला अर्थ. मग इंग्लंडभरच्या मजुरांनी व सहानुभूती असणाऱ्यांनी वर्गणी जमवून त्या कुटुंबांना जगविले.

१८३४ च्या २१ एप्रिलला लंडनमध्ये हजारो माणसांची प्रचंड मिरवणूक निघाली. शिंपी, चांभार, सुतार, गवंडी आपापले झेंडे घेऊन आले. दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज बरोबर होता. सरकारने सैन्य तयार ठेवले होते. पण दगडही उडाला नाही. मेलबर्न यांनी जमावाकडून अर्ज घेण्याचे नाकारले. पाचांचे जहाज तर केव्हाच सुटले होते. लव्हलेस अजून किनाऱ्यावर होता, तरी त्याचेही जहाज थांबले नाही. एका मोर्च्याने काम झाले नाही म्हणून लोक घरी बसले असते तर गोष्ट तेथेच संपली असती. पण समिती नेटाने काम करीत राहिली. ‘लान्सेट’ या वैद्यकीय पत्राचे संस्थापक डॉक्टर टॉमस वेकली पार्लमेंटात होते. त्यांनी १८३५ च्या जूनमध्ये माफीचा ठराव मांडला. बाजूने ८२, विरुद्ध ३०८. ठराव पडला, प्रश्न मात्र पडला नाही. सरकारने आधी अटींची माफी देऊ केली; ती समितीने पुरेशी मानली नाही. अखेर १४ मार्च १८३६ रोजी संपूर्ण, बिनशर्त माफी जाहीर झाली.

माफी लंडनमध्ये झाली. पण कैदी होता दहा हजार मैलांवर. लव्हलेसला ही बातमी कोणी अधिकाऱ्याने दिली नाही. सप्टेंबरमध्ये मालकाच्या घरी एक जुने लंडनचे वर्तमानपत्र त्याच्या हाती पडले, त्यात त्याने स्वतःची सुटका वाचली! वाचता येत होते म्हणून समजले. त्याला निघणेही सोपे नव्हते. मध्यंतरी त्याने पत्नीला तिकडे बोलावणारे पत्र धाडले होते. आपण इकडून निघावे आणि ती तिकडून निघालेली असावी, समुद्रात जहाजे एकमेकांना ओलांडून जावीत, ही त्याला धास्ती. तिचे पत्र येईपर्यंत तो थांबला. १८३७ च्या जानेवारीत जहाजावर चढला आणि १३ जूनला लंडनला पोहोचला. चौघे जण १८३८ च्या मार्चमध्ये परतले. हॅमेट शेवटी, १८३९ च्या ऑगस्टमध्ये.

लव्हलेसने आल्याबरोबर आपली हकीकत छापून काढली. समितीने जमविलेल्या पैशातून या कुटुंबांना एसेक्स परगण्यात शेते खंडाने घेऊन दिली. तेथेही त्यांनी मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतला, म्हणून आसपासचे जमीनदार व पाद्री खवळले. १८४० नंतरच्या काही वर्षांत पाच जण कुटुंबांसह कॅनडात गेले, आणि पूर्वीच्या गोष्टी त्यांनी फारशा बोलून दाखविल्या नाहीत. लव्हलेस १८७४ साली तेथेच वारला. हॅमेट तेवढा टॉलपडलला परतला, मजुरी करीत राहिला आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात मरण पावला. त्याच्या कबरीवर दगड बसला तो १९३४ साली, शंभर वर्षांनी. त्या वर्षी इंग्लंडच्या कामगार संघटनांनी गावात वृद्ध शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली.

आपला या गोष्टीशी संबंध काय? संबंध आहे. १९२० साली मद्रासच्या गिरणीत संप आणि टाळेबंदी झाली, तेव्हा कामगारांचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर मालकांनी दावा लावला आणि हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. कामगारांची संघटना हा कट नव्हे, एवढे कायद्याने मान्य करावे म्हणून आपले ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला. त्यातून १९२६ चा कायदा झाला. तरीही १९२९ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचे डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आदी पुढारी मेरठच्या खटल्यात गोवले गेले. आरोप पुन्हा कटाचाच. आणि १९३३ साली पुष्कळांना शिक्षा झाली तीही हद्दपारीचीच. त्यांत स्प्रॅट आणि ब्रॅडली हे दोन इंग्रज होते! पुढे अलाहाबाद हायकोर्टाने या शिक्षा पुष्कळ कमी केल्या. आपल्या दंडविधानातून ‘काळे पाणी’ हा शब्द गेला तो १९५६ सालापासून.

लव्हलेसची गोष्ट मजुरांच्या सभेत मी पुष्कळदा सांगितली आहे. आज ती शहरातील सुशिक्षित श्रोत्यांपुढे सांगण्याचे कारण वेगळे आहे. त्या सहा जणांनी आपल्या वाटचे केले होते. डॉर्चेस्टरच्या कोर्टात ते खाली मान घालून उभे राहिले नाहीत. परंतु त्यांना परत आणणे त्यांच्या हाती नव्हते. ते काम दोन लाख सह्या करणाऱ्यांनी केले. त्यांतील बहुतेकांनी टॉलपडल कधी पाहिले नव्हते, नांगर धरला नव्हता. कोणी शिंपी, कोणी छपाईवाला, कोणी डॉक्टर. सात शिलिंग त्यांच्या घरचे नव्हते. तरी त्यांना कळले की, आज नांगऱ्याला एकत्र येण्याबद्दल शिक्षा होते, ती उद्या आपल्याही दारात येईल. पहिल्या वर्षी त्यांना अपयश आले, दुसऱ्या वर्षी ठराव पडला, तरी तिसऱ्या वर्षापर्यंत ते थकले नाहीत.

उसाच्या फडात, बांधकामावर, रात्री रस्ता झाडणाऱ्यांत आजही अशी माणसे आहेत, की ज्यांची मजुरी ठरविताना कोणीतरी साक्षी असतो आणि नंतर तो साक्षी आपले शब्द विसरतो. ती माणसे या मंडपात येऊ शकत नाहीत, कारण ही त्यांच्या कामाची वेळ आहे. त्यांच्यातला कोणी उद्या तुमच्या दाराशी सहीचा कागद घेऊन आला, तर त्याला दारातूनच वाटेला लावू नका. कागद आधी वाचा. पटला तर सही करा. आणि सही केल्यावर त्या माणसाचे पुढे काय झाले, याची वर्षाने चौकशी करा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.